दिल्ली-मुंबई : अंतर किती, वेळ किती?

दिल्ली व मुंबई या दोन महानगरांमधील हवाई अंतर सुमारे १,१४० किलोमीटर आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले, दोन्ही विमानतळांमधील हे सर्वांत कमी अंतर होय. मुंबई सेंट्रलहून सुटणारी राजधानी एक्स्प्रेस सुरत, वडोदरा, रतलाम व कोटामार्गे नवी दिल्ली गाठते, तेव्हा हाच प्रवास १,३८४ किलोमीटरचा होतो आणि त्यास सुमारे साडेपंधरा तास लागतात.

उड्डाणाचा कालावधी

विमानाच्या तिकिटावर या प्रवासासाठी साधारणतः सव्वादोन तासांचा कालावधी दिलेला असतो. विमान प्रत्यक्ष आकाशात मात्र सुमारे पावणेदोन तासच असते. तिकिटावरील वेळ विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जागेवर थांबेपर्यंत मोजली जाते. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, उड्डाणाच्या परवानगीची प्रतीक्षा आणि उतरण्यापूर्वी घालाव्या लागणाऱ्या घिरट्या यांसाठीची तरतूद तीत अंतर्भूत असते. मुंबईच्या जुन्या विमानतळावरील दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत व गर्दीच्या वेळी विलंब होतो.

धुक्याचे दिवस

डिसेंबर व जानेवारी महिन्यांत दिल्ली परिसरात दाट धुके पडते. दिल्ली विमानतळावरील अत्याधुनिक अवतरण यंत्रणेमुळे धावपट्टीवरील दृश्यमानता ५० मीटरपर्यंत घटली तरी विमान उतरू शकते. मात्र विमान व वैमानिक दोघेही त्यासाठी पात्र असावे लागतात. उड्डाणासाठी सहसा १२५ मीटर दृश्यमानता आवश्यक असते. उतरणे शक्य असूनही निघणे रखडते, त्याचे हे एक कारण होय.

धुके प्रामुख्याने उत्तररात्री व सकाळी दाट असते. लोकसेवा आयोगाची मुलाखत, सर्वोच्च न्यायालयातील सुनावणी अथवा ‘एम्स’मधील तपासणी सकाळी असल्यास आदल्या दिवशी दुपारच्या विमानाने जाणे श्रेयस्कर ठरते. धुक्याचा फटका रेल्वेगाड्यांनाही बसत असल्याने रात्रीच्या गाडीवर विसंबणेही जोखमीचेच.

प्रवाशांचे हक्क

नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तास वा त्याहून अधिक उशिरा सुटणार असल्यास विमान कंपनीने वेळेत आलेल्या प्रवाशांना विनामूल्य खाद्यपदार्थ द्यावयाचे असतात. दिल्ली-मुंबई मार्ग याच गटात मोडतो. मात्र हवामानामुळे झालेल्या विलंबाबद्दल नुकसानभरपाई देण्याचे बंधन कंपनीवर नाही.

विमानतळ कोणता?

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही प्रवासी वाहतूक सुरू झाली आहे. त्यामुळे तिकिटावरील विमानतळाचे नाव व टर्मिनलचा क्रमांक निघण्यापूर्वी पाहून घेणे आवश्यक आहे. देशांतर्गत विमानांची प्रवेश-नोंदणी सहसा उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी बंद होते. विमानतळापर्यंतचा रस्ता, तपासणी व सामानाची प्रतीक्षा धरता या सव्वादोन तासांच्या प्रवासासाठी पाच ते सहा तास हाताशी ठेवावेत.