शर्टाची कॉलर आणि खारीक

शाळेतून आलेल्या मुलाची कॉलर ओलीचिंब, पेन्सिलीच्या टोकाचा चोथा. ठाण्यात काय किंवा कल्याण-डोंबिवलीत काय, अशा मुलांना घेऊन पालक माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, ‘घाणेरडी सवय लागलीय.’ या सवयीमागे गरज असू शकते, हे उमगायला आपल्याला फार काळ लागला.

आपल्या आज्यांना त्याचा अंदाज होता. दात येणाऱ्या बाळाच्या हातात त्या खारीक देत. अठराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंत घरांत पोवळं बसवलेला चांदीचा खुळखुळा असे. पण हे लाड तान्ह्यापुरतेच. सात-आठ वर्षांच्या मुलानं चावलं, की धपाटा ठरलेला.

या वागण्याचं कोडं उलगडायला कॅलिफोर्नियातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांच्या कामाचा उपयोग झाला. स्पर्श, तोल आणि स्नायू-सांध्यांकडून येणाऱ्या संवेदनांची मेंदूत जुळणी झाली नाही, तर शिकणं-वागणं अडतं, असा विचार त्यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात मांडला. जबड्याचे स्नायू बळकट. चावताना त्यांच्याकडून भरपूर संवेदना मिळते आणि काही मुलं त्यानं शांत होतात. आजची सिलिकॉनची चघळणी याच विचारात बसते. ती गळ्यात घालता येते, पेन्सिलीलाही बसवता येते.

आपल्याकडे या उपचारपद्धतीचा पाया घातला कमला निंबकर यांनी. जन्मानं अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विषयाचं भारतातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. पुढं कित्येक वर्षं उपचार म्हणजे मुंबई, हेच समीकरण होतं. मूल कडेवर घेऊन, लोकलच्या गर्दीतून परळ गाठणाऱ्या डोंबिवलीच्या आया मी पाहिल्या आहेत. आता थेरपी केंद्रं आपल्या गावातच आहेत.

कायदाही सावकाशच जागा झाला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली आणि २०१६ च्या कायद्यानं मान्य केलेल्या एकवीस प्रकारांतही तिला जागा मिळाली.

मात्र चघळणी म्हणजे जादूची कांडी नव्हे. संवेदनांवर आधारित उपचारांचा पुरावा मर्यादित असल्याचं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये म्हटलं होतं. मूल माती, खडू खात असेल, तर आधी डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यावं. लोहाची कमतरता असू शकते. चघळणीचा तुकडा पडू लागला, की ती लगेच टाकून द्यावी. गळ्यातली दोरी ओढ बसताच सुटणारी हवी आणि झोपताना ती काढून ठेवावी.

हे सांभाळलं, तर एक छोटीशी वस्तू मुलाला वर्गात बसायला मदत करू शकते. चष्मा लावणाऱ्या मुलाला आपण रागावत नाही. मग चघळणी लावणाऱ्याला तरी का रागवावं?