एमजीबीचे उत्तरायुष्य

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये दोन आसनांच्या, उघड्या टपाच्या आणि मध्यमवर्गीयांना परवडणाऱ्या स्पोर्ट्स मोटारींची जी परंपरा बहरली, तिच्यात ‘एमजी’चे स्थान अग्रभागी आहे. ऑक्सफर्डमधील ‘मॉरिस गॅरेजेस’ या विक्री-दुरुस्तीच्या पेढीत सेसिल किम्बर यांच्या पुढाकाराने १९२०च्या दशकात या मोटारींची सुरुवात झाली आणि दशकाच्या अखेरीस त्यांचे उत्पादन जवळच्या ॲबिंग्डन गावी स्थिरावले. याच कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात एमजीबी आणि तिचे उपप्रकार मिळून पाच लाखांहून अधिक मोटारी बाहेर पडल्या. जुनी, मोडकळीस आलेली स्पोर्ट्स मोटार विकत घेऊन ती पुन्हा उभी करू पाहणारे ब्रिटिश हौशी आजही फार मोठ्या संख्येने एमजीबीकडे वळतात. ज्या रचनेमुळे ही मोटार जर्जर झाली, त्याच रचनेचे साचे टिकून राहिल्यामुळे तिचा जीर्णोद्धार शक्य झाला. आणि जुनी एमजीबी पारखून घेण्याची रीत या दोन्ही गोष्टींतून घडली.

एमजीबीच्या आधीची एमजीए ही स्वतंत्र चॅसिसवर, म्हणजे सगळा भार वाहणाऱ्या जाड पोलादी चौकटीवर उभी होती. वरची बॉडी त्या चौकटीवर बसवलेली असल्यामुळे पत्रा कुजला तरी मोटारीचा कणा शाबूत राहू शकत असे. सिड एनेव्हर यांच्या नेतृत्वाखाली एमजीबीची आखणी झाली तेव्हा मात्र ‘मोनोकॉक’ रचना स्वीकारण्यात आली, जिच्यात वेगळी चौकट नसते आणि पत्र्याचे दाबून घडवलेले भाग एकमेकांना वेल्डिंगने जोडून तयार झालेला सांगाडाच सर्व भार पेलतो. या बदलाचा लाभ मोठा होता : पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर ९४ इंचांवरून ९१ इंचांवर आले, तरीही आत बसणाऱ्यांना अधिक जागा मिळाली. परंतु उघड्या मोटारीला छताचा आधार नसल्यामुळे तिचा ताठपणा मुख्यतः दरवाज्यांखालून लांबीने जाणाऱ्या दोन पोकळ, पेटीसारख्या तुळयांवर अवलंबून राहिला. या तुळयांना ‘सिल’ म्हणतात.

ब्रिटनच्या हवामानाने नेमक्या याच जागी घाव घातला. हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकले जाते. ते खारट पाणी आणि चिखल पुढच्या चाकामागच्या पोकळीत साचून सिलच्या तोंडाशी मुरत असे, आणि जस्ताचा मुलामा नसलेला पत्रा आतून गंजू लागे. बाहेरचा रंग फुगून फोड दिसू लागेपर्यंत आतला पडदा बहुधा खाल्लेला असे. याच सुमारास कायद्यानेही गंजाकडे लक्ष वळवले. १९६० साली ब्रिटनमध्ये जुन्या मोटारींसाठी ‘एमओटी’ ही सक्तीची सुरक्षा-तपासणी सुरू झाली आणि १९६७पासून ती तीन वर्षांहून जुन्या मोटारींना लागू झाली; पुढे भार वाहणाऱ्या भागांतील गंज हे मोटार नापास होण्याचे नेहमीचे कारण ठरले. दहा-बारा वर्षे वापरलेल्या, स्वस्तात हातोहात विकल्या जाणाऱ्या एमजीबीवर रीतसर दुरुस्तीचा खर्च करणे मालकांना परवडत नसे, म्हणून कुजलेल्या सिलवर नवा पत्रा नुसता चढवून, भोके लांबीने बुजवून आणि वर रंग मारून वेळ मारून नेण्याची पद्धत रूढ झाली. जीर्णोद्धार करणाऱ्या कारागिरांना आजही या झाकापाकीचे थर एकेक करून उतरवावे लागतात.

ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. मोटारी मात्र लाखोंच्या संख्येने रस्त्यावर होत्या, आणि त्यांच्यामागे संघटित मालकवर्ग उभा होता : एमजी कार क्लब १९३० पासून, तर एमजी ओनर्स क्लब १९७३ पासून कार्यरत होता. सुट्या भागांना खात्रीचे गिऱ्हाईक असल्यामुळे ते बनवणारे व विकणारे अनेक व्यवसाय उभे राहिले. निर्णायक पाऊल पडले ते १९८८ साली. जुन्या ब्रिटिश मोटारींचे सुटे भाग उपलब्ध राहावेत यासाठी स्थापन झालेल्या ‘ब्रिटिश मोटर हेरिटेज’ या संस्थेने, डेव्हिड बिशप यांच्या प्रयत्नांतून, पत्रा दाबून आकार देणारे मूळ साचे शोधून एकत्र केले आणि ऑक्सफर्डशायरमधील फॅरिंगडन येथे एमजीबीचे संपूर्ण सांगाडे नव्याने घडवण्यास आरंभ केला. उत्पादन थांबल्यानंतर आठ वर्षांनी, संपूर्ण गंजलेल्या मोटारीचे इंजिन, गिअरबॉक्स, दांडे आणि आसने काढून ती नव्या सांगाड्यात बसवता येऊ लागली. या यशावर विसंबूनच १९९०च्या दशकात आठ सिलिंडरांच्या इंजिनाची ‘आरव्ही८’ ही मोटार सुमारे दोन हजारांच्या संख्येने तयार झाली, आणि तिच्यातील बहुतांश मोटारी जपानला गेल्या.

यांत्रिक भागांची अडचण त्या मानाने कधीच बिकट नव्हती. एमजीबीचे १७९८ घन सेंटिमीटर क्षमतेचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी-सीरीज’ कुळातले, म्हणजे साध्या घरगुती मोटारींतही वापरले जाणारे होते. भारतीय वाचकांना हे कुळ अपरिचित नाही, कारण अनेक वर्षे ॲम्बॅसडर ज्या १४८९ घन सेंटिमीटरच्या इंजिनावर धावली, तेही याच कुळातले. अशी इंजिने साध्या गॅरेजात खोलता आणि पुन्हा बांधता येतात, त्यामुळे धूर ओकणारे इंजिन पाहून जाणकार गिऱ्हाईक फारसे विचलित होत नाही.

त्याची नजर प्रथम दरवाज्याच्या फटीकडे जाते. दरवाजा आणि मागचा पत्रा यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी असावी लागते. ती वर अरुंद आणि खाली रुंद दिसली, तर सांगाडा मध्यभागी खचल्याचा संशय घेतला जातो. त्यानंतर मोटार जॅकवर उचलून दरवाजा पुन्हा उघडून-मिटून पाहतात, कारण सिल कमकुवत असेल तर उचललेल्या अवस्थेत दरवाजा अडकतो. पत्र्यावरून फिरवलेले लोहचुंबक जिथे धरत नाही तिथे लांबी भरलेली असते. आसनांमागच्या पेट्यांचीही तपासणी होते. १९७४ पर्यंतच्या मोटारींत तिथे सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसत आणि सांडलेल्या आम्लाने त्यांचा तळ झिजलेला असे. सिल कापून नवे बसवायचे ठरले, तर आधी दरवाज्याच्या चौकटीत पोलादी आधार ठोकून ती ताठ करावी लागते. ही दक्षता न घेतल्यास वेल्डिंग उत्तम होऊनही सांगाडा वाकडा राहतो आणि दरवाजा पुन्हा कधीच नीट बसत नाही.

नव्या सांगाड्यांमुळे अस्मितेचा प्रश्नही उभा राहिला : बॉडी बदललेली मोटार तीच मानावी का? ब्रिटनच्या वाहन-नोंदणी यंत्रणेने याचे उत्तर दीर्घकाळ गुणांच्या पद्धतीने दिले. मूळ नोंदणी क्रमांक टिकवण्यासाठी किमान ८ गुण आवश्यक होते. मूळ किंवा निर्मात्याकडून थेट आलेल्या तशाच नव्या सांगाड्याला ५ गुण, तर इंजिनाला अवघा १ गुण मिळे. जुन्या मोटारीचे मोल तिच्या सांगाड्यात असते, हा कारागिरांचा अनुभव सरकारी नियमातही उतरला होता.

एमजीबीच्या या उत्तरायुष्याचा बोध मोटारींपुरता मर्यादित नाही. मालकांच्या जिव्हाळ्याने मोटारी भंगारात जाण्यापासून वाचल्या हे खरे. पण त्या जिव्हाळ्याला साचे, सुटे भाग आणि हातातले कसब यांची जोड मिळाली नसती, तर कुजलेल्या सिलपुढे तोही हतबल ठरला असता. औद्योगिक वारसा जपायचा असेल, तर तयार वस्तूंइतकीच ती घडवणारी अवजारेही सांभाळली पाहिजेत.