माशी, खाच आणि नेमबाज नायक
१८व्या शतकात पेनसिल्व्हानियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी घडविलेल्या लांब नळीच्या चकमकी रायफलीचा नेम मागील खाचेच्या उंचीवर अवलंबून असे. नळी बहुधा मागे जाड व पुढे निमुळती. त्यामुळे ठेंगणी खाच आणि पुढची माशी यांचा मेळ घालावा लागे. खाच उंचावली तर गोळी वर लागते, माशी उंचावली तर खाली. कानशीने धातू घटतो, वाढत नाही. म्हणून आधी खाच ठरवून, माशी उंच ठेवून, गोळ्या झाडत ती कानसणे हीच निर्धोक रीत होय. जेम्स फेनिमोर कूपर यांच्या ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ (१८२६) या कादंबरीत हॉकआयचा अचूक नेम हे त्याचे व्यक्तिगत तेज ठरते. त्या तेजामागील अनाम कारागिराची कानसही तौलनिक अभ्यासाने वाचावयास हवी.