टपावरची सायकल आणि गाडीचे ॲव्हरेज

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सुटीच्या पहाटे टपावर सायकली बांधलेल्या मोटारी दिसणे आता नवलाचे राहिलेले नाही. या मार्गावर सायकलला प्रवेश नाही, त्यामुळे लोणावळ्यापलीकडच्या चढणी पायांखाली घालू पाहणारे अनेक मुंबईकर सायकल गाडीवर लादूनच तिथवर पोहोचतात. परतल्यावर पेट्रोल पंपावर उभे राहिले, की गाडीचे ॲव्हरेज एकदम का घसरले, हा प्रश्न पडतो. संशय बहुधा इंजिनावर किंवा पेट्रोलमधील भेसळीवर घेतला जातो. खरा कारणीभूत मात्र टपावरच उभा असतो.

दोन सायकलींचे वजन ते किती, पंचवीस-तीस किलो, असा सर्वसाधारण हिशेब असतो आणि वजनापुरता तो चुकीचाही नाही. अमेरिकेचा ऊर्जा विभाग आणि पर्यावरण संरक्षण संस्था वाहनधारकांना जी माहिती देतात, तिच्यानुसार गाडीत सुमारे ४५ किलो भार वाढला, तर ॲव्हरेज जेमतेम १ टक्क्याने घटते. मागच्या आसनावर एखादा पाहुणा बसला, तरी याहून अधिक वजन पडते. हिशेबात राहून जातो तो वारा.

हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ४० किलोमीटरऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास तो दुप्पट नव्हे, चौपट होतो. सायकल दिसायला पोकळ असते, तिच्यातून वारा आरपार जात असणार असे वाटते. पण वायुगतिशास्त्राच्या दृष्टीने ती फार वाईट वस्तू आहे. गोल नळीच्या मागे हवेचे भोवरे निर्माण होतात आणि ते नळीला मागे खेचतात. विमानाच्या पंखासारखा निमुळता आकार गोल नळीच्या सुमारे दहापट जाड असला, तरी त्याला होणारा अवरोध नळीइतकाच असतो. सायकलच्या सांगाड्यात नळ्याच नळ्या, त्यात हँडल, पेडल, खोगीर आणि दोन्ही चाकांचे साठ-सत्तर आरे. शिवाय कारखान्याने गुळगुळीत घडवलेल्या टपावरून सुरळीत वाहणारा हवेचा प्रवाहही त्यामुळे विस्कटतो.

ढोबळ आकडेमोड करून पाहता येईल. मध्यम आकाराच्या मोटारीला ताशी ९० किलोमीटर वेगाने जाताना हवेचा सुमारे २४० न्यूटन आणि टायरच्या घर्षणाचा सुमारे १२० न्यूटन, असा एकूण ३६० न्यूटनचा विरोध होतो. टपावर दोन सायकली आणि त्यांचे कॅरियर चढले, की त्यात साधारण ९० न्यूटनची भर पडते, म्हणजे पाव हिस्सा. इंजिनाचे अंतर्गत घर्षण तेवढेच राहत असल्याने इंधनाचा खर्च पावपट न वाढता २० टक्क्यांच्या आसपास वाढेल. शहरात ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना हीच भर २० न्यूटनहूनही कमी असते. तिथले बरेचसे पेट्रोल सिग्नलला थांबण्यात आणि पुन्हा वेग घेण्यातच जळते, त्यामुळे फरक फारसा जाणवत नाही.

पुण्याहून कोल्हापूरला जाऊन येण्याचे अंतर साधारण ४६० किलोमीटर आहे. महामार्गावर लिटरला १८ किलोमीटर धावणारी गाडी टपावरच्या सायकलींमुळे १५ वर आली, तर साडेपंचवीस लिटरऐवजी साडेतीस लिटरहून थोडे अधिक पेट्रोल लागेल. लिटरला १०० रुपये धरले, तरी ५०० रुपयांचा भुर्दंड. सायकली बसने पाठवण्याच्या खर्चाशी त्याची तुलना करून पाहायला हरकत नाही.

अमेरिकेतील याच यंत्रणांचे आकडे टपावरच्या मोठ्या बोजड सामानपेटीबद्दल आहेत, सायकलींबद्दल नाहीत. तरी कल दाखवण्यास ते पुरेसे आहेत. अशा पेटीमुळे ॲव्हरेज शहरात २ ते ८ टक्के, महामार्गावर ६ ते १७ टक्के आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटर वेगाला १० ते २५ टक्के घटते. तेच सामान गाडीच्या मागे लावले, तर शहरात १ ते २ टक्के आणि महामार्गावर १ ते ५ टक्केच घट होते. गाडीच्या पाठीमागे हवा आधीच विस्कटलेली असते आणि तिथल्या वस्तूला समोरचा वारा थेट लागत नाही, हे त्याचे कारण.

आपल्याकडील छोट्या गाड्यांबाबत मात्र यात एक मेख आहे. सायकलची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास असते, तर अनेक छोट्या हॅचबॅकची रुंदी त्याहून कमी. डिकीवर पट्ट्यांनी आडवी बांधलेली सायकल दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावते. ते वाऱ्याच्या दृष्टीने वाईट आणि शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या दृष्टीने त्याहून वाईट. पुढचे चाक काढल्यास हा प्रश्न बराचसा सुटतो. मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकली जाणार नाही, हेही पाहावे लागते. उच्च सुरक्षा नंबरप्लेटच्या काळात पुठ्ठ्यावर क्रमांक लिहून सायकलीला लटकवण्याची युक्ती चालत नाही.

प्रवासी दोनच असतील, तर मागचे आसन पाडून, चाके काढून सायकली आतच ठेवणे सर्वांत स्वस्त. वाऱ्याचा संबंधच उरत नाही, चोरीची धास्तीही कमी होते. टपाशिवाय पर्याय नसेल, तर वेग हाच हाताशी असलेला उपाय. ताशी १०० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास हवेचा अवरोध एक तृतीयांशाहून अधिक घटतो. सायकलींवर फडफडणारे कापडी आच्छादन घालू नये. त्याने धूळ अडते, पण वारा शिडासारखा भरतो. विजेवरील गाड्यांनाही हेच गणित लागू आहे. फरक इतकाच, की तिथे रुपयांऐवजी पल्ला कमी होतो आणि चार्जिंगचा थांबा ठरवताना तो आधीच धरावा लागतो.

सहल संपल्यावरही कॅरियर महिनोन्महिने टपावर राहते, हा यातला सर्वांत निरर्थक खर्च. टपावरच्या कॅरियरमुळे, भरलेल्या आणि रिकाम्या मिळून, अमेरिकेत २०१५ मध्ये सुमारे १० कोटी गॅलन, म्हणजे जवळपास ३८ कोटी लिटर जादा पेट्रोल जळाले, असा अंदाज लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये मांडला होता. वर्षाला १० हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे इंधन रिकाम्या कॅरियरमुळे ३ टक्क्यांनी जरी वाढले, तरी १६-१७ लिटर पेट्रोल वाया जाते. ते उतरवायला पान्याची दहा मिनिटे पुरतात.