आदिलाबादची ज्वारी : एका मुलखाच्या अन्नजीवनाचा मागोवा

एखाद्या प्रदेशाचा इतिहास आपण बहुधा राजवटी, लढाया आणि देवालये यांच्या आधारे लिहितो. तेथील माणसे काय पिकवीत होती व काय खात होती, याची नोंद क्वचितच घेतली जाते. पैनगंगेच्या दक्षिणेस पसरलेल्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. १९५६ पर्यंत किनवट व राजुरा हे तालुके याच जिल्ह्यात होते. आजही तेथील अनेक घरांत मराठी बोलली जाते. २०१६ साली या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले; प्रस्तुत लेखात जुना जिल्हाच अभिप्रेत आहे.

१९४० साली जोडेघाट येथे कुमरम भीम यांनी जल, जंगल आणि जमीन यांवरील हक्कांसाठी निजामी सत्तेशी झुंजताना देह ठेवला. त्यानंतर निजाम सरकारला गोंडांच्या स्थितीकडे लक्ष देणे भाग पडले व मानववंशशास्त्रज्ञ हाइमेनडॉर्फ यांनी येथे राहून अभ्यास केला. राजगोंडांवरील त्यांचा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. पुढे थोर इतिहासकार म्हणून महाराष्ट्रास परिचित झालेले सेतुमाधवराव पगडी यांनीही येथे अधिकारी या नात्याने आदिवासींमध्ये काम केले व गोंडी भाषा आत्मसात केली.

त्या काळी ज्वारी हे या मुलखाचे मुख्य अन्न होते. ज्वारीच्या ओळींमध्ये तूर, मूग, उडीद पेरीत. कणसे माणसांसाठी, कडबा बैलांसाठी, बैलांचे शेण पुन्हा शेतासाठी, आणि डाळींच्या मुळांवरील गाठींतून जमिनीस नत्र, असे ते चक्र होते. मोहाची फुले, कंद व रानभाज्या जंगल पुरवीत असे. नवे धान्य देवास अर्पण केल्यावाचून तोंडी घालू नये, ही गोंडांची रीत होती.

परंतु तो काळ सुवर्णयुग होता असे मानणे इतिहासास धरून होणार नाही. दारिद्र्यामुळे ज्यांच्या ताटात ज्वारीवाचून दुसरे काही नसे, अशा दख्खनच्या मजुरांत त्वचा काळवंडून सोलणारा पेलाग्रा हा रोग आढळे. हैदराबाद येथील पोषण संशोधकांनी, विशेषतः डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी, १९६० च्या सुमारास या रोगाचा ज्वारीशी असलेला संबंध शोधला. भाकरीबरोबर डाळ, भाजी व दूध असेल तरच ज्वारी तारक ठरते, हा त्यातून घ्यावयाचा बोध होय.

पुढे दोन बाजूंनी बदल घडला. १९८३ साली आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव यांच्या सरकारने दोन रुपये किलो दराने तांदूळ देण्याची योजना आणली. तिने अनेकांची उपासमार टळली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण गरिबाच्या घरी भाकरीची जागा भाताने घेतली. दुसरीकडे रोख पैशाच्या गरजेने ज्वारीच्या शिवारात कपाशी पसरत होतीच. २००२ मध्ये बीटी कपाशीस मान्यता मिळाल्यावर तो ओघ अधिकच वाढला.

परिणाम ताटात आणि मातीत एकदमच दिसू लागले. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ४ मिलिग्रॅम लोह असते. पांढऱ्या तांदळात ते १ मिलिग्रॅमहूनही कमी. रक्तक्षयाने पीडित अशा आदिवासी स्त्रियांच्या दृष्टीने हा भेद लहान नव्हे. कपाशीच्या पऱ्हाटीपासून कडब्यासारखी वैरण मिळत नाही; त्यामुळे बैल पोसणे कठीण झाले, शेणखत घटले व रासायनिक खत विकत आणावे लागले. शिवाय फवारणीचे भय आलेच. पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. नदीच्या दोन्ही तीरांवर पीक एकच, तेव्हा संकटही एकच होय.

शेतकऱ्यास दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. ज्या पिकास बाजार असेल तेच तो पेरणार. सुदैवाने उटनूर येथे आदिवासी महिलांनी मोहाच्या फुलांचे लाडू बनविण्याचा उद्योग उभारला आहे, आणि २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. परंतु घोषणेने ज्वारी परत येणार नाही. तिला गिऱ्हाईक हवे. ज्या देवस्थानांत अन्नदान होते, तेथील महाप्रसादात आठवड्यातून एक दिवस जरी ज्वारीची भाकरी व डाळ वाढली गेली आणि ती ज्वारी जवळपासच्या शेतकऱ्याकडून योग्य दराने घेतली गेली, तरी एका शिवाराला आधार मिळेल. हे कार्य आपल्या आवाक्यातील आहे, याचा सुज्ञ वाचकांनी अवश्य विचार करावा.