छप्पर, तट आणि उंबरा

कोकणातून घाट चढून पुण्याला आणि तिथून पुढे सोलापूर-लातूरकडे जाणाऱ्या माणसाने वाटेत नुसती घरांची छपरे पाहिली, तरी त्याला त्या त्या भागाचे हवामान कळेल. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथले जुने घर जांभ्या चिऱ्याचे, तीव्र उताराच्या छपराचे, आणि वळचण इतकी खाली आलेली की उंच माणसाने पडवीत शिरताना मान वाकवावी. घाट ओलांडला की पाऊस एकदम चौथाईवर येतो. पुण्याच्या वाड्याचे जोते काळ्या दगडाचे, वर विटा आणि सागवान, छपराचा उतार बेताचा. आणखी पूर्वेला गेले की लाकूड महाग होते, ऊन वाढते आणि उतरते छप्परच नाहीसे होते. तिथे तुळयांवर मातीचा जाड थर दिलेले सपाट माळवद असते. ते दुपारचे ऊन अडवते, वाळवणाला उपयोगी पडते आणि उन्हाळ्यात रात्री अंथरूण टाकायलाही. भाषा एक, सणवार तेच, देव बहुधा तेच. छपरे मात्र तीन.

स्थापत्यात राष्ट्राचा स्वभाव उतरतो, असे आपण सहज म्हणतो. या विधानालाही एक इतिहास आहे. तरुणपणी बंगालमध्ये निळीच्या धंद्यात असलेल्या जेम्स फर्ग्युसनने १८७६ साली भारतीय आणि पौर्वात्य वास्तुकलेचा इतिहास प्रसिद्ध केला. इमारतींवरून वंशांचा इतिहास वाचता येतो, अशी त्याची धारणा होती. पुढे १९१३ मध्ये ई. बी. हॅवेलने भारतीय वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथाच्या नावातच ‘मानसशास्त्र’ हा शब्द घातला आणि साऱ्या परंपरेमागे एकच भारतीय मन पाहिले. दोघांची मते एकमेकांच्या विरुद्ध होती, पण दोघांचाही भर देवळे, मशिदी, थडगी आणि राजवाडे यांवर होता. साध्या माणसाचे घर त्यांच्या तराजूत फारसे पडले नाही. आपण ते घालून पाहू.

छपराचे श्रेय हवामानाला द्यावे लागते, हे वर दिसलेच. मग बाहेरच्या भिंतीचे काय? मराठ्यांच्या वास्तू साध्या आणि राकट, कारण दगड कठीण आणि माणसेही तशीच, असे एक लाडके स्पष्टीकरण आहे. ते टिकत नाही. वेरूळचे कैलास लेणे याच काळ्या दगडात आठव्या शतकात कोरले गेले आणि त्यात नाजूकपणाला कुठेही तोटा नाही. शनिवारवाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. उंच तट, बुरूज आणि अणकुचीदार खिळ्यांचा दिल्ली दरवाजा अशी त्याची ओळख. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या बाजीरावाने १८०७ मध्ये विश्रामबागवाडा बांधला. त्याची कोरीव लाकडी दर्शनी बाजू थेट रस्त्याकडे तोंड करून उभी आहे. हवा तीच, दगड तोच, घराणे तेच. मधल्या पाऊणशे वर्षांत वसईचा तह झाला होता आणि १८०२ पासून पेशव्यांच्या रक्षणाचे काम इंग्रजी फौजेकडे गेले होते. तट बांधण्याचे कारणच उरले नव्हते. भिंतीची जाडी स्वभावापेक्षा राजकारणाने ठरत होती.

राकटपणाची आपली कल्पना पक्की होण्याला आणखी एक कारण घडले, ते म्हणजे आग. १८२८ साली शनिवारवाडा जळाला. दिवाणखाने, कोरीव खांब, महिरपी, रंगवलेली छते, म्हणजे जे जे लाकडाचे आणि हौसेचे होते ते गेले; तट, जोती आणि कारंज्यांचे हौद राहिले. रायगडावरही १८१८ च्या तोफांच्या माऱ्यानंतर वाडे जळाले आणि जोती राहिली. आज आपण ही दगडी शिल्लक पाहतो आणि तिलाच मराठी मन समजतो. जळून गेलेल्या निम्म्या पुराव्याची आपल्याला आठवण राहत नाही.

तेव्हा छप्पर पावसाने ठरवले, तट राजकारणाने ठरवला आणि त्यातले काय उरावे हे आगीने ठरवले. मग तिन्ही प्रदेशांच्या घरांत समान असे काय राहते? ते पाहायला आत जावे लागते. कोकणात अंगण, पडवी, ओटी, माजघर. पुण्याकडे दिंडीदरवाजा, देवडी, चौक, सोपा, माजघर. मराठवाड्यात ढेलज, ओसरी, माजघर. शब्द बदलतात, क्रम बदलत नाही. बलुतेदार आणि कुळे अंगणात उभी राहणार. सावकार, पाहुणा आणि भटजी ओसरीपर्यंत येणार. घरातले पुरुष जेवायला आत जाणार. बायकांचा दिवस माजघर आणि स्वयंपाकघर यांत जाणार, बाळंतिणीला अंधारी खोली आणि विटाळशीला मागच्या दाराचा कोपरा मिळणार. कोणी कुठपर्यंत यावे, हे कोणत्याही भिंतीवर लिहिलेले नव्हते. तरी प्रत्येकाचे पाऊल नेमक्या उंबऱ्याशी थांबत असे.

आणि कित्येकांना पहिलाही उंबरा नव्हता. महारवाडा वेशीबाहेर आणि अनेक गावांत पूर्वेच्या अंगाला असे. आपल्याकडचा पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. तो आधी गावावरून जातो आणि मग तिकडे पोचतो. इथे हवामानाचे ज्ञानही उंबऱ्याच्या कामी आले. म्हणूनच १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही महाराष्ट्राच्या वास्तुइतिहासातलीही घटना मानायला हवी. त्यासाठी एक चिराही हलवावा लागला नाही. फक्त कोणी कुठपर्यंत यावे हा नियम बदलला, आणि घराचा अर्थ बदलला.

माळवदाची गोष्ट मात्र वेगळ्या तऱ्हेने संपली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे छत, ही उन्हाला दिलेली उत्तम तोड होती. छत गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी नवी माती घालत, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचे ओझे वाढत जाई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ही छते आणि भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो माणसे गेली. ऊन ओळखणाऱ्या घराला जमीन ओळखता आली नव्हती. घराचे शहाणपण नेहमी अनुभवाइतकेच असते, आणि त्या भागाच्या आठवणीत असा भूकंप नव्हता.

त्यानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जुन्या बोळांच्या जागी सरळ रस्ते आले, माळवदाच्या जागी सिमेंटचे छत आले, आणि ढेलज नाहीशी झाली. घरे मात्र तीन मापांची ठरली: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. कोणाला कोणते मिळायचे, हे त्या कुटुंबाकडे किती जमीन होती त्यावर अवलंबून होते. जुन्या गावात जे ओसरी आणि अंगण सांगत असत, ते नव्या गावात चौरस फूट सांगू लागले. हवामानाने घडवलेले सारे एका पहाटेत पडले. माणसांनी घातलेला क्रम आराखड्याच्या कागदावरून पुन्हा उभा राहिला.

पुण्यात, साताऱ्यात, वाईत आज वाडे पाडले जात आहेत. त्यातले कोरीव खांब जपले जातात, कधी हॉटेलांच्या सजावटीत जातात. ते जपावेतच. पण वाडा पाडण्यापूर्वी त्यात राहिलेल्या वृद्धांना, आणि त्याच्या दारातून परत फिरलेल्यांनाही, एवढे विचारून लिहून ठेवावे, की तुम्ही कुठपर्यंत जाऊ शकत होता. खांब सुतार पुन्हा घडवू शकेल. हे उत्तर मात्र त्या माणसांबरोबर जाईल, आणि आपला स्वभाव लिहिलेला असलाच तर तो तिथेच आहे.