पोतं प्लास्टिकचं की कापडाचं? पाच मिलिमीटरवर अडतो आयातीचा कर

खताचं पोतं, कांद्याची जाळीदार गोणी, तांदळाचा कट्टा. गावात या सगळ्याला मिळून एकच शब्द, बारदान. बंदरावर मात्र तसं चालत नाही. परदेशातून रिकामी पोती मागवली की प्रत्येक प्रकाराचा आठ आकडी कोड कागदावर लिहून द्यावा लागतो आणि सीमाशुल्क त्या कोडावर लागतं. शेतकरी उत्पादक कंपनी किंवा आडत व्यापारी असा माल थेट मागवायला निघाला, तर भाव ठरवण्याआधी हे बघणं भाग आहे.

कोडाचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात, पुढचे दोन भारताचे. पिशव्यांचा सगळा गोंधळ दोन नंबरांत आहे. ३९२३ म्हणजे प्लास्टिकची बांधणीची वस्तू. ६३०५ म्हणजे कापडाची पोती आणि गोण्या. पॉलिथिलीनची साधी पातळ पिशवी ३९२३ २१ मध्ये जाते, दुसऱ्या प्लास्टिकची असेल तर ३९२३ २९ मध्ये. इथपर्यंत वाद नाही. धान्य साठवायची पॉलिथिलीनची हवाबंद पिशवीही इथेच येते.

वाद सुरू होतो विणलेल्या पोत्यापासून. ते प्लास्टिकच्या पट्ट्या मागावर विणून केलेलं असतं. माल प्लास्टिकचा, पण विणकाम कापडासारखं. मग धरायचं काय? दर-पुस्तकाचं उत्तर असं, की पट्टीची दिसणारी रुंदी ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर ती पट्टी वस्त्राचा धागा समजायची आणि पोतं ६३०५ ३३ मध्ये घालायचं. त्यात पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन दोन्हींच्या पट्ट्या आल्या. पट्टी पाचच्या वर गेली की ती वस्त्र राहत नाही, प्लास्टिकची पट्टी ठरते. अशा पट्ट्या विणून केलेल्या वस्तूला तर चटया-टोपल्यांचं ४६ वं प्रकरणही लागू होऊ शकतं. टनभर माल मावणारी जम्बो बॅग ६३०५ ३२ मध्ये असते.

'दिसणारी रुंदी' या शब्दांकडे नीट बघावं. पट्टी दुमडलेली किंवा पिळलेली असेल तर ती उलगडून मोजायची नाही, आहे त्या स्थितीत मोजायची. खतधान्याच्या पोत्यांची पट्टी सहसा पाचच्या आतच असते. घरी बघायचं तर पोत्याच्या कापलेल्या कडेची एक पट्टी ओढून काढावी आणि पट्टीच्या फुटाने मोजावी. घट्ट विणीच्या पोत्यात सोपी युक्ती म्हणजे शेजारशेजारच्या दहा पट्ट्या मोजायच्या. त्या पाच सेंटिमीटरच्या आत बसल्या की एकेक पट्टी पाच मिलिमीटरच्या आत आली. जाळीच्या गोणीत हा हिशोब चालत नाही, कारण पट्ट्यांमध्ये मोकळी जागा असते.

दुसरा प्रश्न लेपाचा. विणलेलं कापड दोन्ही बाजूंनी पूर्ण प्लास्टिकने झाकलेलं असेल आणि तो थर नुसत्या डोळ्यांनी दिसत असेल, तर दर-पुस्तकाप्रमाणे ते वस्त्र राहत नाही, प्लास्टिक होतं. एकाच बाजूने लेप असेल तर वस्त्राची बाजू जड राहते. रंग बदलला एवढ्यावर थर 'दिसतो' असं धरत नाहीत.

आता भारतातला खरा तिढा. उत्पादन शुल्काच्या काळात, १९९० च्या सुमारास, राज पॅकवेल खटल्यात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने एचडीपीई पट्ट्या आणि त्यांची पोती प्लास्टिकच्या प्रकरणात घातली. म्हणजे पुस्तकातली पट्टीची मोजणी एकीकडे आणि निकाल दुसरीकडे. नंतर जीएसटीतही हाच वाद आला. ३१ डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकाने बीओपीपीचा थर असलेल्या पॉलिप्रॉपिलीन पिशव्या ३९२३ मध्ये, १८ टक्क्यांत सांगितल्या आणि थर नसलेल्या विणलेल्या पिशव्या ज्या त्या मालाप्रमाणे ठरवायला सांगितलं. शेवटी १ जानेवारी २०२० पासून ३९२३ असो की ६३०५, पॉलिथिलीन-पॉलिप्रॉपिलीनच्या विणलेल्या आणि न विणलेल्या पोत्यांना, जम्बो बॅगेसकट, सरसकट १८ टक्के जीएसटी झाला. देशातल्या खरेदीपुरतं भांडण तिथे थंडावलं. आयातीत मात्र ते संपलेलं नाही, कारण मूळ सीमाशुल्क, इतर देशांशी केलेल्या करारांतली सवलत आणि निर्बंध हे सगळं कोडाला बांधलेलं असतं. एवढ्या साध्या वस्तूला इतकी वर्षं दोन तोंडं ठेवायला नको होती, पण आहे हे असं आहे.

पैशाचा हिशोब असा चालतो. समजा माल १ लाख रुपयांचा आणि त्या कोडाला मूळ शुल्क १५ टक्के. म्हणजे १५,००० रुपये. त्यावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, १,५०० रुपये. मग १,१६,५०० वर १८ टक्के जीएसटी, २०,९७० रुपये. एकूण ३७,४७० रुपये. जीएसटीचा परतावा नोंदणी असेल तर नियमाप्रमाणे मिळतो, बाकीचे १६,५०० खर्चातच जातात. मूळ शुल्क पाच टक्क्यांनी कमी असतं तर तो खर्च ११,००० झाला असता. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून ऑर्डर देण्याच्या दिवशीचा दर बघावा.

कोड आयातदाराने स्वतः लिहायचा असतो, म्हणजे चूक निघाली तर जबाबदारीही त्याचीच. साध्या चुकीत दोन वर्षांपर्यंत फरकाची मागणी येऊ शकते, मुद्दाम लपवलं असं ठरलं तर पाच वर्षांपर्यंत, वर व्याज. शंका असेल तर माल मागवण्याआधी मुंबई किंवा दिल्लीच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे नमुना आणि कागद देऊन विचारता येतं. मिळालेला निर्णय अर्जदाराला आणि खात्याला बांधतो आणि साधारण तीन वर्षं चालतो. वादाच्या मालाला हाच मार्ग शहाणपणाचा. 'पाठवणाऱ्याने बिलावर हाच कोड लिहिलाय' हे उत्तर बंदरावर पुरत नाही, आणि कंटेनर अडकला की भाडं रोज चढतं.

एक सूट लक्षात ठेवावी. डाळ किंवा खत पोत्यात भरूनच येत असेल, तर ते पोतं वेगळं मोजत नाहीत, मालासोबतच धरतात. पुन्हा पुन्हा वापरायला स्पष्ट योग्य असं भांडं किंवा बांधणी असेल तर ही सूट नाही. बचत गटांसाठी मूठ असलेल्या पिशव्या मागवताना आणखी एक नंबर येतो. दीर्घ वापराच्या खरेदीच्या पिशव्या ४२०२ मध्ये जातात, थोड्या वापरानंतर टाकायच्या प्लास्टिक शीटच्या पिशव्या ३९२३ मध्येच राहतात.

ज्यूटचं तंत्र वेगळंच. कोड ६३०५ १०. बांगलादेश आणि नेपाळच्या ज्यूट मालावर जानेवारी २०१७ पासून अँटी-डंपिंग शुल्क आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने बांगलादेशच्या ज्यूट पोत्यांना जमिनीवरच्या सीमेवरून बंदी केली आणि फक्त उरण तालुक्यातलं न्हावाशेवा बंदर मोकळं ठेवलं. त्यामुळे कोलकात्याच्या बाजूचा जुना रस्ता धरून भाव काढला असेल तर तो हिशोब पुन्हा मांडावा लागेल. धान्य आणि काही प्रमाणात साखर ज्यूटमध्ये भरण्याची सक्ती १९८७ च्या कायद्याने आहे.

मागवण्याआधी दलालाकडून पोत्याचा नमुना, पट्टीची रुंदी, लेप एका बाजूला की दोन्ही, आणि प्लास्टिकचा प्रकार लेखी घ्यावा. आयात-निर्यात कोड काढलेला असावा. प्लास्टिक बांधणी आयात करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणीही करावी लागते, आणि ती माल बंदरात आल्यावर करायला गेलं तर वेळ हातचा गेलेला असतो.